मास्तरांच्या मशीनला आलेलं पत्र

आमच्या रंगमास्तरांपुढे कोणी त्यांच्या कंप्युटरला ‘जुना’ म्हटलं, की ते हातातलं काम खाली ठेवायचे आणि त्या माणसाकडे नुसते बघत बसायचे. शेवटी तो माणूसच ओशाळून म्हणायचा, “म्हणजे, तसा चांगला आहे.” मग मास्तर पुन्हा कामाला लागायचे.

मी तेव्हा सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलच्या ऑफिसात टायपिस्ट होते. टायपिस्ट म्हणजे टायपिंग, टेलिफोन, फॅक्स आणि शेठच्या पाहुण्यांना पाणी, सगळं आलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं माहेर जालन्याकडचं, घर उधन्यात, नवरा लूमवर कामाला. मिलमध्ये साड्यांचं, ड्रेसचं, गणवेशाचं कापड रंगायला यायचं. कोणती छटा काढायला कोणता रंग किती टक्के घालायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे मास्तर. त्याचा अंदाज चुकला की हजारो मीटर कापड वाया. म्हणून मिलमध्ये शेठच्या खालोखाल मान त्याचा. आमचे मास्तर अमळनेरकडचे. माझ्याशी मराठी बोलायचे, शेठशी गुजराती, कामगारांशी हिंदी, आणि कंप्युटरशी अहिराणी.

खोटं नाही सांगत. सकाळी लॅबमध्ये आले की मशीनवरचा पंचा उचलायचे, घडी करायचे आणि म्हणायचे, “ऊठ रे भो, दिन उगना.” मग बटण दाबायचे. मशीन उठायला पाच मिनिटं घ्यायचं. तेवढ्या वेळात मास्तर चहा प्यायचे, मशीनकडे पाठ करून. कोणी झोपेतून उठत असताना त्याच्याकडे बघू नये, असं त्यांचं म्हणणं.

ते मशीन त्यांनी मुंबईला बंद पडलेल्या एका कंपनीच्या लिलावातून आणलं होतं, मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी. पडदा काळा, त्यावर हिरवी अक्षरं. अक्षरं सगळी कॅपिटल, लहान लिपी त्याला ठाऊकच नव्हती. पापडाएवढ्या मोठ्या तबकड्या त्यात घालाव्या लागायच्या. त्या तबकड्यांत मास्तरांनी दहा-बारा वर्षांतल्या एकूण एक लॉटचे आकडे भरून ठेवले होते. कोणत्या पार्टीचा कोणता रंग, किती टक्के निळा, किती लाल, पहिल्यांदा काय चुकलं, दुसऱ्यांदा कसं सुधारलं. “नवं म्हणजे न तपासलेलं,” असं ते म्हणायचे. नव्या मशीनबद्दल, नव्या शेठबद्दल, नव्या जावयाबद्दलही.

कपडे कायम पांढरे. रंगीत शर्टाची सावली नमुन्यावर पडते आणि छटा बदलते, म्हणून. दिवाळीला शेठनं सगळ्या स्टाफला शर्टाचं कापड दिलं, मास्तरांना आकाशी आलं. मास्तरांनी ते तिथल्या तिथे ब्लीच करायला पाठवलं आणि आठ दिवसांनी पांढरं करून शिवून घातलं. शेठला म्हणाले, “आपनो आभार.” छटा बघायची तर फक्त उत्तरेच्या खिडकीशी, आणि सकाळी दहानंतर, दुपारी चारच्या आत. चार वाजून पाच मिनिटांनी खुद्द शेठ नमुना घेऊन आला तरी मास्तर हात मागे बांधून उभे राहायचे. “आता उजेड खोटा आहे,” म्हणायचे. उन्हाळ्यात लख्ख ऊन असलं तरी चारनंतर उजेड खोटाच.

आणि रोज सकाळी ऑफिसात आले की माझ्या साडीचे आकडे सांगायचे. “लाल दोन, पिवळा शून्य पॉइंट चार. बरी उतरली आहे.” नमस्कार नाही, कशा आहात नाही, आकडे. पहिल्या महिन्यात मला राग यायचा. मी पडले फटकळ, एकदा म्हटलं, “मास्तर, बाईमाणसाच्या साडीकडे असं बघतात का?” ते म्हणाले, “मी साडीकडे कुठे बघतो? मी रंगाकडे बघतो.” कप्पाळ माझं!

एका सोमवारी मी नवी निळी साडी नेसून गेले. नवऱ्यानं रक्षाबंधनाच्या सेलमधून आणली होती, चांगली ठसठशीत निळी. मास्तर माझ्यासमोर उभे राहिले, मान तिरपी केली आणि म्हणाले, “राखाडी. थोडा काळा जास्त पडला आहे.” मला वाटलं थट्टा करतात. मी हसले. ते हसले नाहीत. त्या माणसाला थट्टा येतच नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लाल, पिवळा दिसायचा, निळा हळूहळू मरत चालला होता. नेव्ही ब्लू आणि काळा त्यांना एकच दिसायचा. ऑपरेशनचं नाव काढू द्यायचे नाहीत. त्यांच्या मोठ्या भावाचा डोळा असाच ऑपरेशनमध्ये गेला होता. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोनं एकदा टेलिफोनवर सांगितलं, आणि वर म्हणाली, “मी सांगितलं असं सांगू नका, नाहीतर जेवायचे नाहीत.”

मग हे चालायचे कसे? मशीनवर. आकडे मशीनमध्ये होते. जुन्या लॉटचे आकडे काढायचे, त्याबरहुकूम रंग घालायचा, डोळ्यांचं काम थोडकंच उरायचं. आणि तेवढं थोडकं माझ्याकडे आलं. दुपारी डबा खाऊन झाला की मास्तर माझ्या टेबलाशी यायचे, कापडाचे दोन तुकडे ठेवायचे. एक पार्टीनं दिलेला, एक आपण रंगवलेला. म्हणायचे, “बाई, यातला कोणता बरा?” जणू पडद्याचं कापड निवडायला बसलोय. मी म्हणायचे, “दोन्ही सारखे.” किंवा, “डावा जरा हिरवट आहे.” ते मान डोलवायचे, “मलाही तसंच वाटलं,” आणि जायचे. दोन वर्षं हे चाललं. मी कोणाला बोलले नाही, ते मला बोलले नाहीत. घरी नवऱ्यालासुद्धा ताकास तूर लागू दिली नाही.

अशात शेठच्या मुलाचं, म्हणजे धाकट्या शेठचं शिक्षण संपलं आणि ते मिलमध्ये बसायला लागले. चांगला पोरगा, पण सगळं एकदम करायची घाई. मुंबईची गणवेशाच्या कापडाची पार्टी म्हणाली, आता फॅक्स नको, ई-मेल करा. धाकट्या शेठनं लगेच नव्या कंप्युटरचं कोटेशन मागवलं. इंटरनेट लागेल, रंगीत पडदा येईल, छटा जुळवायचं नवं सॉफ्टवेअर येईल आणि लॅबमधला तो डबा भंगारात जाईल. मास्तरांना तोंडावर म्हणाले, “ए तो म्युझियममां मूकवा जेवुं छे.”

मास्तर त्यांच्याकडे बघत बसले. धाकटे शेठ ओशाळले नाहीत. नवीन होते.

त्या दिवशी मास्तरांनी चहा न पिता तबकड्या एकेक करून पुसल्या. मला कळत होतं का ते. त्या तबकड्या नव्या मशीनमध्ये शिरणार नव्हत्या. आकडे गेले की उरणार ते डोळे, आणि डोळे तर कधीच गेले होते. मशीन गेलं की चार दिवसांत सगळं उघडं पडणार. मास्तर उठले आणि थेट मोठ्या शेठच्या केबिनमध्ये गेले. “शेठ, माझं मशीन ई-मेल करेल. आठ दिवस द्या.” मोठे शेठ म्हणजे पोस्टाच्या पाकिटाची आतली बाजू कोरी म्हणून हिशेबाला वापरणारा माणूस. ते म्हणाले, “चालशे, तो नवुं शेने माटे?” जुनं चालत असेल तर नवं कशाला, हा त्यांचा हिशेब. आठ दिवस मिळाले. शनिवारी परीक्षा. मशीननं ई-मेल घेतलं तर मशीन राहील, नाही घेतलं तर भंगारात.

इंटरनेट तेव्हा दोन जातींचं मिळायचं. एक चित्रांचं, एक नुसत्या अक्षरांचं, ते स्वस्त. मास्तरांनी अक्षरांचं घेतलं. म्हणाले, “चित्रं कशाला? पडद्यावरचा रंग खोटाच असतो.” पासवर्ड आला तो लहान अक्षरांत. मशीनला लहान अक्षरं येत नाहीत. मास्तर टेलिफोनच्या कचेरीत गेले आणि म्हणाले, पासवर्ड बदलून द्या, आकड्यांचा द्या. तिथला माणूस म्हणाला, “काका, कंप्युटर बदली नाखो.” मास्तर म्हणाले, “कंप्युटर पंधरा वर्षांचा आहे, पासवर्ड कालचा आहे. कोणी बदलावं?” आणि बाकड्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी आकड्यांचा पासवर्ड मिळाला.

मग वायर. मशीनला प्रिंटर जोडायचं जे भोक होतं, त्यातून टेलिफोनला जोडायच्या मोडेमच्या डबीपर्यंत स्वतः झाळकाम करून वायर ओढली. दोन दिवस काही केल्या चालेना. तिसऱ्या दिवशी डबा खाताना एकदम थांबले, पोळीचा तुकडा हातातच. “बाई, दोघंही एकाच तारेवर बोलताहेत. ऐकत कोणीच नाही.” मी म्हटलं, “मग आमच्या घरच्यासारखंच.” ते उठले, दोन तारांची अदलाबदल केली आणि मोडेम किंचाळायला लागलं. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. पुढची भानगड अशी, की मोडेम धावायचं आणि मशीनला तेवढ्या वेगानं वाचता यायचं नाही, अर्धी अक्षरं सांडायची. मास्तरांनी मोडेमलाच हळू चालायला लावलं. “चालणाऱ्याला धावायला शिकवण्यापेक्षा धावणाऱ्याला चालायला शिकवणं सोपं,” म्हणाले. शेवटी पडद्यावर अक्षरं यायला लागली ती शिकाऊ टायपिस्टच्या वेगानं.

आता माझं सांगते, कारण ते लपवून भागणार नाही.

ऑफिसात टेलिफोनची लाईन एकच, आणि ती माझ्या टेबलावरची. मास्तर दिवसातून दहादा येऊन ती काढून घ्यायचे. “पाच मिनिटं, बाई.” पाचाचे पन्नास व्हायचे. पार्ट्यांना फोन लागायचा नाही, मग त्या धाकट्या शेठच्या घरी फोन करायच्या आणि धाकटे शेठ मला झापायचे. एके दिवशी माझ्या मुलीला शाळेत ताप भरला. शाळेतून तासभर फोन लावत होते, लाईन लागेना. शेवटी शेजारीण तिला घेऊन घरी गेली. हे मला दुपारी कळलं. अंगाची नुसती आग आग झाली.

आणि नेमके तेव्हाच मास्तर दोन तुकडे घेऊन आले. गणवेशाचा नेव्ही ब्लू होता. “बाई, यातला कोणता बरा?”

मी तुकड्यांकडे बघितलंच नाही. म्हटलं, “मास्तर तुम्ही, का मी? तुमचं तुम्ही बघा.”

ते “बरं,” म्हणाले. तुकडे उचलले आणि गेले. त्या आठवड्यात मशीनमध्ये टेलिफोनचंच काम चाललेलं. ते मशीन एका वेळी एकच काम करायचं, म्हणजे रंगांची यादी बंद. तो लॉट त्यांनी नुसत्या आठवणीवर रंगवला होता आणि नसलेल्या नजरेनं पास केला. कागदावर सही केली. माल मुंबईला गेला. मुलीचा ताप दोन दिवसांत उतरला, माझा राग त्याच संध्याकाळी. पण त्या तुकड्यांचं काय झालं, हे मी विचारलं नाही. लाज वाटली म्हणून नाही विचारलं. नुसतं विचारलं असतं तरी माल दारातच थांबला असता.

मास्तरांनी सुरत सोडल्यावर ते मला एकदाच भेटले, नंदुरबारला एका लग्नात. तोवर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, बायकोनं मांडवात बसवावं तसं हाताला धरून दवाखान्यात नेऊन बसवलं म्हणे. जाड भिंगाचा चष्मा होता. मी पाया पडले, आणि म्हटलं, “मास्तर, त्या दिवशी मी बघायला हवं होतं.” ते म्हणाले, “कोणत्या दिवशी?” खरंच विसरले होते, का मला सोडवत होते, मला सांगता यायचं नाही. नंतर जेवणभर ते मला मंडपवाल्यानं लावलेल्या कापडाचा रंग किती टक्के चुकलाय, ते सांगत होते.

तर तो शनिवार. धाकटे शेठ आदल्या दिवशीच मुंबईला गेले होते, त्याच गणवेशाच्या पार्टीकडे. ठरलं असं, की ते तिथल्या कंप्युटरवरून पत्र पाठवतील आणि आपण बारा वाजता ते इथे घ्यायचं. लॅबमध्ये तिघंच. मोठे शेठ खुर्चीत, मास्तर मशीनपुढे, आणि मी टेलिफोनची वायर भिंतीत जिथे जाते तिथे, कारण ती वायर ढिली होती आणि धरून ठेवावी लागायची. मोठ्या शेठला इंग्रजी येत नव्हतं. मास्तर वाचून गुजरातीत सांगणार होते.

मोडेम किंचाळलं, गप्प झालं. मास्तरांनी दोन बोटांनी आकडे मारले. पडदा काळाच. “काय व्हयनं रे भो?” मास्तर मशीनला हळूच म्हणाले. मग एकेक हिरवं अक्षर यायला लागलं.

मास्तर मोठ्यानं वाचत गेले. “पप्पा, नमस्कार. मी पार्टीच्या ऑफिसात आहे.” शेठ खुर्चीत पुढे सरकले. “आवी गयुं?” म्हणाले. लहान मुलासारखे हसले. मास्तरांनी मान डोलवली आणि पुढची ओळ यायची वाट बघत बसले.

टायपिस्टचा डोळा पुढे पळतो. ‘आपण पाठवलेला’ एवढं उमटलं, मग ‘नेव्ही’ उमटलं, आणि पुढे काय येणार हे मला कळलं. वायर माझ्या हातात होती. जरा ओढली असती तर सुटली असती. पत्र तिथेच तुटलं असतं, मशीन नापास झालं असतं, भंगारात गेलं असतं. पण मास्तरांचं गुपित दोन दिवस, चार दिवस तरी राहिलं असतं. न ओढली तर मशीन पास आणि माणूस उघडा. देवाशपथ सांगते, मी ओढायला लागले होते.

“बाई,” मास्तर मागे न बघता म्हणाले, “वायरीला धक्का लावू नका. येतंय.”

मी हात तसाच धरून ठेवला.

त्यांनी सगळं वाचलं. ओळ न ओळ, त्याच आवाजात. नेव्ही ब्लूचा पूर्ण लॉट काळा आला आहे. पार्टी माल परत करते आहे. शाळा उघडायला थोडे दिवस राहिलेत, नवा माल ताबडतोब हवा. पास कोणी केला, मास्तरांना विचारा. शेठला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मास्तर काहीही वाचू शकले असते. सगळं ठीक आहे, पार्टी खूश आहे, असंही वाचता आलं असतं. तो विचारसुद्धा त्यांच्या मनाला शिवला नाही, हे मी पैजेवर सांगते.

शेठ खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, “कोणे पास कर्युं?”

“मी,” मास्तर म्हणाले. “मला निळं दिसत नाही, शेठ. दोन वर्षं झाली.”

मला राहवलं नाही. “शेठ, चूक माझी पण आहे. मास्तर मला दाखवायला आले होते, मीच—”

“बाई टायपिस्ट आहेत,” मास्तर म्हणाले. “शेड पास करणं त्यांचं काम नाही.”

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, “मास्तर, आंख वगर आ काम केम चाले?” मास्तर म्हणाले, “नहीं चाले, शेठ.” एवढंच बोलणं झालं. मग शेठनं मशीनकडे बोट दाखवलं. “पण आ तो चाल्युं.”

“चाललं,” मास्तर म्हणाले.

“तो ए रहेशे. बेनने शीखवीने जजो.” बेन म्हणजे मी.

मास्तरांनी मान डोलवली. खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “उत्तर काय पाठवू?” शेठ उठता उठता म्हणाले, “लखो, माल फरीथी रंगीए छीए. नवो मास्तर राखीए छीए.” आणि केबिनकडे गेले.

मास्तरांनी दोन बोटांनी टाईप केलं, सगळं कॅपिटलमध्ये. माल पुन्हा रंगवत आहोत. चूक मास्तरच्या डोळ्यांची होती. सोमवारपासून नवा मास्तर येईल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, एकदा वाचून घ्या. पहिलं पत्र आहे, चूक जायला नको.”

मी वाचलं. दोनदा वाचलं. म्हटलं, “बरोबर आहे, मास्तर.”

त्यांनी बटण दाबलं. पडदा थोडा वेळ थांबला, मग खाली पत्र पोचल्याची ओळ आली, एकेक अक्षर करत. मास्तरांनी मशीनच्या पाठीवर थाप मारली. “गये रे भो!” म्हणाले, आणि माझ्याकडे बघून पुन्हा, “बघितलंत बाई? गेलं!” खोटं कशाला बोलू, त्या घडीला त्या माणसाएवढं खूश अख्ख्या पांडेसऱ्यात कोणी नसेल. मी वायर हातात धरून तशीच उभी होते आणि हुंदके देऊन रडत होते.